निळ्याचं कोंदण

आज सकाळी घरं गरम करणारी हायट्सुंग सुरू झाली. म्हणजे मी नाही केली, बिल्डिंगची झाली. आधी पाइपमधून कोणीतरी गुळण्या करतंय असा आवाज येतो, मग एक टक्, मग टक् टक्, आणि मग तो वास. रेडिएटरवर उन्हाळाभर बसलेली धूळ भाजल्याचा. न्युरेम्बर्गमध्ये ऋतू बदलला हे मला झाडांवरून कळत नाही, या वासावरून कळतं. वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहतं, त्यांची छोटी जिन्यातून ओरडत गेली, "एन्डलिश वार्म," आणि मागून तिच्या आईचा आवाज, "अगं मराठीत सांग की, गरम झालं एकदाचं." सगळी बिल्डिंग खूश. आणि मी अनवाणी धावत जाऊन नॉब फिरवून बंद केला.

जर्मनीत राहून हायट्सुंगला घाबरणारी मी एकटीच असेन बहुतेक. घरमालक म्हणतात, फ्रॉइलाइन, भिंतींना बुरशी येईल. येऊ दे. मी दोन स्वेटर घालून हे टाइप करतेय, बोटं गार पडलीयेत म्हणून चुका होतायत, तरी थांबवत नाहीये, कारण थांबले तर परत नाही लिहिणार. गेल्या वर्षीचे हे दिवस एकदा सांगून टाकायचेत कोणाला तरी.

मी एका म्युझियमच्या लॅबमध्ये काम करते. जुन्या वस्तू दुरुस्त करणारी नाही मी. मी पॅथॉलॉजी लॅबवाली समजा. वस्तू कशाची आहे, आत काय चाललंय, कुठे दुखतंय, ते मशीन लावून सांगायचं. आणि गेल्या वर्षी, अशीच हायट्सुंग सुरू व्हायच्या थोडं आधी, आमच्याकडे एक पुस्तकाचं कव्हर आलं. जॉर्जियाहून. अमेरिकेतलं नाही, काळ्या समुद्राकडचं. (आईने आमच्या सगळ्या कॉलनीत मी अमेरिकेच्या कव्हरवर काम करते असं सांगून ठेवलं होतं, ते अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही.)

कव्हर म्हणजे काय, ते आधी डोळ्यांसमोर आणा. हाताने लिहिलेली बायबलमधली शुभवर्तमानं, कित्येक शतकं जुनी. ती पानं तिकडेच राहिली. आमच्याकडे आलं ते त्यांच्यावरचं चिलखत. लाकडाच्या फळ्या, त्यांवर चांदीचा पत्रा, मागून ठोकून ठोकून उठाव दिलेला, वर सोन्याचा मुलामा. मध्ये क्रूसावरचा ख्रिस्त, दोन बाजूंना मान कलती करून उभी असलेली माणसं, आणि कडेने रत्नं. लाल गार्नेट, फिरोजा, पिवळे पडलेले मोती. आणि वर उजव्या कोपऱ्यात एक निळा. चिंचोक्याएवढा. बाकीचे सगळे दगड दिसायचे, हा एकटा बघायचा. कसं सांगू. तुम्ही खोलीत शिरलात की त्याला कळायचं.

कव्हरसोबत केतो आली. पन्नाशीची, जाड वेणीची, तिबिलिसीच्या म्युझियममधली, जुन्या वस्तू जपणारी कॉन्झर्वेटर. पेटीच्या शेजारच्या सीटवर बसून विमानातून आली होती आणि पहिल्या दिवशी पेटीच्या आधी तिने कॉफीलासुद्धा हात लावला नाही. आम्ही दोघी मोडक्या जर्मनमध्ये बोलायचो, तिची वेगळीकडून मोडलेली, माझी वेगळीकडून, आणि का कोणास ठाऊक, एकमेकींचं सगळं कळायचं. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणायचे. तोंडावर केतोच.

पहिले दिवस किती भारी होते. पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र असतं, ते धातूजवळ धरलं की स्क्रीनवर उंचवटे उमटतात. इथे सोनं, इथे चांदी, इथे तांबं. आणि इथे पारा, म्हणजे सोनं पाऱ्यात विरघळवून, लेप देऊन, तापवून पारा उडवून लावलेलं. मी प्रत्येक उंचवट्याला उड्या मारत होते. मग आम्ही ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो आणि सोन्याची रेघ झोपली. सपाट. चांदीसुद्धा पातळ, बोटं नाहीतच, पाय नुसते गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखे.

"ओठ," केतो म्हणाली. "सणाच्या दिवशी सगळं गाव रांगेत. इथेच."

आमच्या बॉस फ्राऊ लिंडनर मागे उभ्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, काचेच्या आजारांवर आयुष्य घालवलेल्या. त्या रिपोर्टसाठी पुटपुटल्या, "पृष्ठभागाची यांत्रिक झीज."

"यांत्रिक कोण?" केतो म्हणाली. "माझी पणजी?"

फ्राऊ लिंडनर हसल्या. त्या फार हसत नाहीत, म्हणून लक्षात आहे.

त्या संध्याकाळी मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि तिच्यावर सगळं ओतलं. आमच्या नाशिकरोडच्या घरी शोकेसमध्ये पितळेची बुद्धमूर्ती आहे, आजोबांनी दीक्षेनंतर आणलेली. आई दर पौर्णिमेला ती चिंचेने घासते. इतकी वर्षं घासते की तथागतांचं नाक गेलंय, ओठांवरचं हसू अर्धं राहिलंय. मी म्हणाले, आई, प्रत्येक वेळी तू त्याचा एक थर काढतेस, कळतंय का, चिंचेत आम्ल असतं, तू प्रेमाने खातेयस त्याला.

"मग काळाकुट्ट ठेवू?"

"हो."

"लोक म्हणतील, पोरगी जर्मनीला गेली आणि इथे देव्हाऱ्यात काजळी."

"आपला देव्हारा नाहीये आई, शोकेस आहे."

"बरं. मोठी आली शोकेसवाली." पण घासणं तिने बंद केलं. मला वाटलं, चला, जगातली एक वस्तू वाचवली.

मग निळ्याची पाळी आली. म्युझियमच्या जुन्या नोंदीत तो नीलम होता. मी यंत्र लावलं आणि तो काच निघाला. मी खुर्चीतून उठलेच, काच आहे, केतो, काच आहे, तेव्हाचीच काच, कोबाल्ट टाकून निळी केलेली. ती मोजे काढत म्हणाली, "आम्हाला तो निळाच होता." मी हिरमुसले थोडी. पण फ्राऊ लिंडनर मायक्रोस्कोपपाशी गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "हा आजारी आहे."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की नीलम असता तर बरं झालं असतं. दगड मरत नाही. काच मरते. काही काचा जन्मतःच वाईट असतात. भट्टीत सोडा जास्त पडला, चुना कमी पडला, बस. दिसायला सुंदर, पण आत सांधे ढिले. हवा ओली झाली की अशी काच घाम सोडते, खरंच थेंब येतात तिच्यावर. आणि हवा कोरडी झाली की तिच्यातलं उरलंसुरलं पाणी निघून जातं आणि ती तडकत सुटते. तिला मधलं हवं असतं. ना ओलं, ना कोरडं, वर्षानुवर्षं तेच. आपल्याला तरी मिळतं का असं? कव्हर आधी डोंगरातल्या ज्या देवळात होतं तिथे, गार दगडी भिंतींत, लोकरीच्या कापडात गुंडाळलेला तो कसाबसा जगला होता. मायक्रोस्कोपखाली मी पाहिलं. निळ्याच्या आत केसांहून बारीक भेगांचं जाळं, उन्हात तळ्याचा चिखल फुटतो तसं. आणि बाहेर त्याच आठवड्यात सगळ्या शहराची हायट्सुंग सुरू झाली, म्हणजे घराघरातली हवा कोरडी पडायला लागली.

आम्ही कव्हर पारदर्शक पेटीत ठेवलं. आत ओलावा धरून ठेवणाऱ्या पुड्या. खोलीतला रेडिएटर बंद करायचा म्हणून फ्राऊ लिंडनरनी हाउसमाइस्टरला, म्हणजे बिल्डिंग सांभाळणाऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, लाइन सगळ्या मजल्याची एकच आहे आणि आता हायट्सपेरिओडे आहे. गरम करण्याचा काळ. जसा उन्हाळा असतो तसा हा सरकारी ऋतू. मग फ्राऊ लिंडनरनी स्वतःच्या हाताने पिवळ्या चिठ्ठ्या लिहून खिडक्यांच्या मुठींवर चिकटवल्या. फेन्स्टर त्सू. खिडकी बंद.

आई रोज विचारायची, "निळा कसा आहे?" हॉस्पिटलमध्ये कोणी असल्यासारखं. मी म्हणायचे, आहे तसाच. ती म्हणायची, तसाच म्हणजे चांगलंच की.

आता ते सांगते. इथपर्यंत येऊन मी दोनदा चहा करून आले.

एक शेवटची मोजणी राहिली होती. लेझरची. त्यासाठी पेटी थोडा वेळ उघडावी लागते आणि खोली अंधारी. केतो नको म्हणत होती. पण भेगांत काय साठलंय ते कळलं तर उपाय ठरवता येईल, हेही खरं होतं. तिने तिबिलिसीला फोन केला, बराच वेळ बोलली, आणि म्हणाली, लवकर करा. त्या दिवशी बाहेर कडक थंडी, आकाश निळं, झाडांवर हिमाची साखर. आत आम्ही तिघी, पडदे ओढलेले, मशीन तापलेलं, तीन माणसांचे श्वास कोंडलेले. मोजणी झाली. मी स्क्रीनवर बघत होते, केतो सामान आवरत होती, पेटीचं झाकण लावायचं बाकी होतं. आणि फ्राऊ लिंडनर उठल्या, पडदा बाजूला केला, म्हणाल्या, "आल्झो, डोकी जड झालीत सगळ्यांची," आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

तुम्ही जर्मनीत राहिला असाल तर तुम्हाला समजेल. नसाल तर कसं समजवू. इथे हवा ही रोजची कर्तव्याची गोष्ट आहे. थंडी असो, बर्फ असो, दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, खोलीतली सगळी हवा बदलायची, मग बंद. लुफ्टन. घरभाड्याच्या करारात लिहिलेलं असतं. मीटिंग संपली की कोणीतरी उठतंच. लहानपणापासून हात शिकलेले असतात, डोक्याला विचारत नाहीत. चिठ्ठी मुठीवर तशीच होती. त्यांच्याच अक्षरातली. मूठ फिरली तशी तीही आडवी झाली.

ती हवा आत आली ना, इतकी सुंदर होती. स्वच्छ, गार, कोरडी, धारदार. क्षणभर मलासुद्धा बरं वाटलं. हे मला अजून सहन होत नाही.

केतो ओरडली नाही. तिने झाकण लावलं आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून उभी राहिली. फ्राऊ लिंडनरचा हात मुठीवरच होता. आधी त्या पेटीकडे बघत होत्या, मग चिठ्ठीकडे. "आख," एवढंच म्हणाल्या. लहान मुलासारखं.

"तुमच्या देशात," केतो म्हणाली, "हवासुद्धा वेळेवर येते."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. वास आठवतात. भाजक्या धुळीचा, ओल्या कापसाचा. बाहेर चौकात ख्रिसमस मार्केट लागलेलं, साखरेत परतलेल्या बदामांचा गोड वास लॅबच्या जिन्यापर्यंत यायचा. रोज सकाळी एक फोटो. कालच्या फोटोवर आजचा ठेवायचा. भेग पुढे गेलेली. परवाच्यावर आजचा. अजून पुढे. आम्ही पेटीतला ओलावा वाढवला, हळूहळू, कारण एकदम वाढवला तर तो घाम सोडणार. वाढवला तरी भेगा चालतच होत्या, कमी केला तरी चालतच. तिन्ही बाजूंनी बंद रस्ता. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, भेगांत डिंकासारखं रेझिन सोडून बघू, चिकटून राहील. केतो म्हणाली, परत काढता येईल का ते? फ्राऊ लिंडनरनी नकारार्थी मान हलवली. केतो म्हणाली, मग ती पट्टी नाही, ती ममी. दोघी बरोबर होत्या. मला दोघींचा राग येत होता. मला त्या भट्टीवाल्याचा राग येत होता, इतक्या शतकांपूर्वीच्या, अरे मूठभर चुना टाकला असतास तर काय झालं असतं तुझं.

मी मूर्खासारखं काय काय केलं. पेटी बंदच आहे हे माहीत असून घरचे टॉवेल ओले करून लॅबच्या रेडिएटरवर टाकले, खोलीची हवा तरी ओली राहील म्हणून. फ्राऊ लिंडनर आल्या, टॉवेल बघितले, मला वाटलं आता रागावतील. दुसऱ्या दिवशी माझ्या टॉवेलांशेजारी आणखी दोन होते, सशांची चित्रं असलेले, धुऊन धुऊन विटलेले. कोणाचे ते मी विचारलं नाही. त्या रोज सगळ्यांच्या आधी यायच्या. मी पोचायचे तेव्हा कोट न काढता पेटीसमोर बसलेल्या असायच्या.

आणि केतो त्याच्याशी बोलायची. तिच्या भाषेत, हलक्या आवाजात, काम करता करता, भांडी घासताना बाई बोलते तसं. मी विचारलं, काय सांगतेस? म्हणाली, "घरी कोण कसं आहे ते."

तो गेला दुपारी. आधी काठावरून एक कपची सुटली आणि पत्र्यावरून घरंगळली. मग, आम्ही बघत असताना, निळा रंग आतून पांढरा होत गेला, जसा श्वास आरशावर पसरतो, आणि तो बसला. बसला म्हणजे, खडीसाखर चुरल्यावर बसते तसा. आवाज आला की नाही ते नक्की सांगता येत नाही. मला ऐकू आल्यासारखं वाटतं, केतो म्हणते नाही आला.

तिने बारीक ब्रशने कण न् कण एका काचेच्या डबीत भरला. डबीतही तो निळा दिसत नव्हता. मीठ दिसत होतं. आणि मग कोंदण रिकामं झालं आणि आम्ही तिघी वाकून बघत राहिलो, कारण आत सोनं होतं. सोनाराने मुलामा देऊन वर निळा बसवला, त्या दिवसापासून झाकलेलं. ना धूर लागला होता, ना मेण, ना ओठ. सगळं कव्हर काळपट, दमलेलं, आणि त्या चिंचोक्याएवढ्या खड्ड्यात कालच केल्यासारखं लखलखीत. मी यंत्र लावलं नाही. आजवर एवढं स्पष्ट सोनं मी पाहिलेलं नाही आणि मला ते बघायचं नव्हतं.

"मी केलं हे," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"तो जातच होता," केतो म्हणाली. ब्रश पुसत, त्यांच्याकडे न बघता. "तुम्ही खिडकी उघडलीत."

हे दिलासा म्हणून म्हणाली की दुसरं काही म्हणून, मी वर्षभर विचार करतेय. फ्राऊ लिंडनरसुद्धा करत असणार. त्या आता मीटिंग संपली की हात मांडीखाली घेऊन बसतात. कोणीतरी दुसरं उठून खिडकी उघडतं.

संध्याकाळी आईचा फोन. "निळा कसा आहे?"

"गेला आई."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "कोणी होतं का जवळ?"

"होतो. तिघी होतो."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. आणि मी रडले. इतके दिवस नव्हते रडले. फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वेटरच्या बाहीत तोंड घालून रडले, आणि आई तिकडे भाजी निवडत बसून राहिली, फोन न ठेवता. नंतर तिने विचारलं, "मनू, एक सांगू? मूर्ती खूप काळी पडलीय गं. तू म्हणालीस म्हणून हात नाही लावला. पण रोज समोरून जाते ना, तर असं वाटतं की मी त्यांच्याशी बोलणंच सोडलंय."

मला सगळं माहीत होतं. आम्ल, थर, झीज. मी पेपर लिहिलेत त्यावर.

"घास," मी म्हणाले.

"नाक राहिलंय थोडं, तेही जाईल."

"जाऊ दे आई. घास तू."

कव्हर परत गेलं. केतोने पेटीशेजारच्या सीटवर बसून नेलं, डबी स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात. मला वाटलं होतं, रिपोर्ट लिहिला की संपेल. रिपोर्ट चांगला झाला, पुष्कळ जणांनी मागवला, त्या काचेबद्दल आता आम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं ती असताना नव्हतं. हेच तर. आजारी काचा खूप आहेत, कितीतरी कव्हरांवर, कितीतरी कोंदणांत, आणि आज सकाळी सगळीकडे पाइप गुळण्या करायला लागलेत.

केतोचा मेसेज मगाशीच आला, मी नॉब बंद करून वळले तेव्हा. कव्हर आता तिबिलिसीत काचेच्या कपाटात असतं, ओलावा बरोबर राखलेला. गावाकडच्या बायका तिथेही येतात, डोक्याला रुमाल बांधून, तिकीट काढून, आणि कपाटाच्या काचेलाच ओठ लावतात. ती काच पुसायचं काम केतोकडेच, बंद व्हायच्या वेळी. आधी डाग नेहमी एकाच ठिकाणी असायचे, ख्रिस्ताच्या पायांसमोर. तिने फोटो पाठवलाय. पाठीमागून दिवा लावून काढलाय, त्यामुळे काचेवरचे ओठ दिसतात, एकावर एक, धुकट. पायांपाशी थोडेच आहेत. बाकीचे सगळे वर सरकलेत, उजव्या कोपऱ्यात, टाचा उंचावून लावलेले, रिकाम्या कोंदणासमोर.

खाली तिने आमच्या मोडक्या जर्मनमध्ये लिहिलंय. मी त्यांना सांगते, तिथे काही नाही. त्या म्हणतात, माहीत आहे.